गोव्याचा जनमत कौल: पक्षाला दिलेले मत आणि प्रश्नाला दिलेले उत्तर

मांडवीकाठ:

गोव्याच्या राजकारणातील एक गोष्ट मला वर्षानुवर्षे विचारात पाडत आली आहे, आणि तिच्याविषयी येथील जाणत्या सदस्यांचे म्हणणे ऐकावे म्हणून हा धागा काढत आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. त्यानंतर पुरते अडीच महिनेही झाले नव्हते, तोच मार्च १९६७ च्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली. तीत मतदारांनी ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या जन्माचे कारणच विलीनीकरण होते, त्या मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवले. ३० पैकी १६ जागा मगोला मिळाल्या, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर एप्रिलमध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले.

हा गोंधळ नव्हता, असे माझे मत आहे. दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि लोकांनी दोन्हींची विचारपूर्वक उत्तरे दिली. पण हे आज जितके उघड वाटते तितके तेव्हाच्या पुढाऱ्यांना वाटत नव्हते. म्हणून थोडे मागे जातो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. काँग्रेसला वाटत होते की मुक्तीचे श्रेय आपले, तेव्हा सत्ताही आपलीच. प्रत्यक्षात गोव्याच्या भूमीवर तिला एकही जागा मिळाली नाही. मगोच्या बाजूला १६ आणि डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. मगोने निवडणूक विलीनीकरणाच्या घोषणेवर लढवली होती. त्यामुळे निकाल लागताच मगोचे नेते आणि महाराष्ट्रातील बहुतेक सर्व पक्षांचे पुढारी म्हणू लागले की लोकांनी कौल दिलेला आहे, आता केवळ अंमलबजावणी उरली आहे. पुढे विधानसभेने विलीनीकरणाच्या बाजूने ठरावही केला. संयुक्त महाराष्ट्राची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. मुंबई मिळवून दिलेल्या त्या लढ्याची ऊब अजून ओसरली नव्हती, आणि गोवा हे त्याच कामाचे उरलेले टोक आहे अशी अनेकांची मनापासूनची भावना होती. तिकडे म्हैसूर राज्याचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा, या विलीनीकरणाला विरोध होता. दिल्लीतील काँग्रेस दोन्ही बाजूंनी ओढली जात होती.

विरोधकांचे म्हणणे साधे होते. मगोला मत देणाऱ्या प्रत्येकाने विलीनीकरणालाच मत दिले असे कशावरून? काहींनी भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, विरोधात मत दिले असेल, काहींनी बहुजन समाजाचा माणूस प्रथमच सत्तेच्या जवळ येतो आहे म्हणून दिले असेल. मग तो प्रश्न एकटाच, सुटा करून लोकांपुढे ठेवा. गोव्यातील काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत ही भूमिका चिकाटीने लावून धरली, आणि इंदिरा गांधी पंतप्रधान असताना डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. सत्तेवर बसलेल्या पक्षाच्या हाती सरकारी यंत्रणा असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, हा आक्षेपही मान्य झाला. बांदोडकरांनी डिसेंबरच्या आरंभी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान पार पडले. ज्या माणसाला आपल्या विजयाची खात्री होती त्याने तो विजय वादातीत ठरावा म्हणून खुर्ची सोडली, याचे मोल मला फार वाटते.

मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. विलीनीकरणासाठी फूल, आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी दोन पाने. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१. दमण आणि दीव येथे गुजरातेत विलीन होण्याविषयी विचारले गेले, तेथेही उत्तर नकारार्थीच आले.

स्वतंत्र भारतातले हे एकमेव सार्वमत असे म्हटले जाते. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी असतील, तर त्या अवश्य लिहाव्यात. विशेषतः जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दुसरे असे मत देणारा माणूस नेमका कोण होता, हे मला जाणून घ्यायचे आहे.

सत्तरीकर:

आपण ज्या मतदाराचा शोध घेत आहात तो आमच्या कुटुंबात होता, म्हणून लिहितो.

माझे आजोबा सत्तरीतले कूळ. त्यांनी जानेवारीत फुलाला आणि मार्चमध्ये सिंहाला, म्हणजे मगोला मत दिले. त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच होते. त्यांची धाकटी बहीण मात्र बार्देशात दिलेली. तिचे यजमान माडाची सूर, म्हणजे माडी, काढत आणि दुसऱ्याची शेतीही कसत. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. विलीन झालो तर माडावर चढता येणार नाही, सूर नाही, फेणी नाही, ही भीती त्या घरात खरी होती. काहीही बदलणार नाही अशी आश्वासने दिली जात होती. परंतु ज्याची चूल माडावर अवलंबून आहे तो आश्वासनावर किती विसंबणार? त्या दोघांनी दोन पानांना मत दिले.

मार्चमध्ये त्याच दोघांनी सिंहाला मत दिले. कारण बांदोडकरांच्या सरकारने १९६४ मध्ये कुळकायदा आणला होता, आणि भाटकार उद्या उठवील की काय ही पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती पहिल्यांदाच थोडी कमी झाली होती. शिवाय गावात मराठी प्राथमिक शाळा निघाली होती. पोर्तुगीज अमदानीत आमच्यासारख्यांच्या वाट्याला शाळा कोठून येणार? आजोबांना अक्षर येत नव्हते, माझे वडील त्या शाळेत शिकले. त्या घरासाठी मगो म्हणजे महाराष्ट्र नव्हता; मगो म्हणजे शेत आणि शाळा होती.

त्या काळाविषयी लिहिताना पुष्कळदा मगोचा मतदार भाबडा होता, पुढारी सांगतील तिकडे जाणारा होता, असा सूर लावला जातो. तो मला नेहमी बोचतो. आमच्या घरातल्या या माणसांनी दोन मतांना दोन वेगळी कामे सांगितली होती.

शब्दवेल्हाळ:

सत्तरीकर, आपली आठवण वाचून बरे वाटले. मी मडगावचा. या कथेतील वृत्तपत्रांची बाजू मांडावी असे वाटते, कारण तिच्यावाचून ३४ हजारांचे ते अंतर समजत नाही.

जनमत कौलाचे गणित असे होते. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होती. पडलेल्या मतांपैकी दोन पानांना ५४ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. एकही ख्रिस्ती मत फुलाकडे गेले नाही असे क्षणभर धरले, तरी हा आकडा हिंदू मतांशिवाय गाठता येत नाही. म्हणजे मोठ्या संख्येने हिंदू मतदारांना विलीनीकरण नको असे वाटले, किंवा तसे पटवून दिले गेले. हे पटवून देणार कोण आणि कोणत्या भाषेत?

येथे एक अडचण होती, आणि ती मोठी होती. विलीनीकरणाच्या विरोधातील मुख्य युक्तिवाद असा की गोव्याची भाषा कोंकणी आहे, ती मराठीची बोली नव्हे, आणि म्हणून गोव्याचे व्यक्तित्व वेगळे आहे. परंतु कोंकणी छापून येत होती ती बहुतांशी रोमी, म्हणजे रोमन, लिपीत, आणि तिचा वाचक ख्रिस्ती. जुनी पोर्तुगीज पत्रे मूठभर शिकलेल्यांची. हिंदू वाचक घरी कोंकणी बोलत असला तरी वाचत होता मराठी: पोथी मराठी, नाटक मराठी, पत्र मराठी. त्या वाचकापर्यंत पोहोचणारे मुख्य दैनिक ‘गोमन्तक’ हे १९६२ पासून निघत होते आणि त्याचा कल विलीनीकरणाकडे होता. तेव्हा कोंकणीच्या बाजूने लढायचे तर मराठीतच लढावे लागणार होते.

मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने ते केले. चंद्रकांत केणी संपादक होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर रोज येत असे आणि लोक त्याची वाट पाहत. माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. सकाळी अंक आला की एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे पोत्यांवर बसून ऐकायचे, असे वडील सांगत. एका अंकाचे दहा-पंधरा ऐकणारे होत. त्यातले अर्धे वाद घालत, आणि वाद घालता घालता दुसऱ्या दिवशीच्या अंकाची उत्सुकता वाढे.

उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी म्हणत फिरत होते, त्याचाही परिणाम मोठा झाला. गाणे ऐकायला अक्षर यावे लागत नाही. ‘आमकां नाका श्रीखंड पुरी, आमकां जाय शीत कडी’ (आम्हाला श्रीखंडपुरी नको, भात-कढी हवी) ही त्या वेळची घोषणा आजही लोकांच्या तोंडी आहे. एवढ्या मोठ्या घटनात्मक प्रश्नाला कोणीतरी जेवणाच्या पानावर आणून ठेवले. मला या घोषणेविषयी संमिश्र वाटते. तिने प्रश्न सर्वांना कळला हे खरे. पण महाराष्ट्रातील कष्टकऱ्याच्या पानात तरी रोज श्रीखंड कोठे होते?

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दोन्ही बाजूंची पत्रे आपापली भूमिका उघडपणे, स्वतःच्या नावाने मांडत होती. कोणते पत्र कोणाचे हे वाचकाला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्यामुळे तो त्या मापाने वाचत होता. आज एखादी बातमी पैसे घेऊन छापलेली आहे की बातमीदाराने मिळवलेली आहे हे कळत नाही, तेव्हा मला ते पोत्यांवर बसलेले श्रोते आठवतात. पक्षपात तेव्हाही होता, पण तो लपवलेला नव्हता.

नोंदवही:

मूळ लेखातील एका विधानाला दुरुस्ती सुचवतो. ‘स्वतंत्र भारतातील एकमेव सार्वमत’ हे वाक्य सर्वत्र आढळते, पण ते जसेच्या तसे टिकत नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये जुनागढात मतदान झाले आणि पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली. जून १९४९ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातील चंद्रनगरात कौल घेतला गेला. एप्रिल १९७५ मध्ये सिक्कीममध्ये राजेशाही संपवून भारतात सामील होण्याविषयी मतदान झाले.

गोव्याचे वेगळेपण असे की उरलेल्या सर्व ठिकाणी प्रश्न भारतात येण्याचा होता. गोव्यात तो नव्हता. गोवा भारताचा भाग होताच. भारतात राहून कोणत्या चौकटीत राहायचे, हे संसदेने कायदा करून थेट मतदारांना विचारले, असे उदाहरण मला दुसरे आढळत नाही. भाषावार प्रांतरचनेच्या साऱ्या इतिहासात, आंध्रपासून पंजाबपर्यंत, आयोग नेमले गेले, उपोषणे झाली, मोर्चे निघाले, गोळीबारात माणसे गेली. मतपेटी मात्र कोठेच ठेवली गेली नाही.

आणखी एक लहानशी नोंद. कायद्यातील शब्द ‘ओपिनियन पोल’ असाच आहे. आज हा शब्द ऐकला की वाहिन्यांवरील मतदानपूर्व चाचण्या डोळ्यांपुढे येतात, आणि नव्या वाचकाला १९६७ चे ते मतदान म्हणजे कोणीतरी केलेली पाहणी वाटते. म्हणून मराठीत ‘जनमत कौल’ हाच शब्द वापरत राहावे.

पूर्वपक्ष:

येथील चर्चा वाचली. मी या साऱ्याकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो आणि माझे आक्षेप स्पष्टपणे मांडतो.

पहिला आक्षेप पर्यायांचा. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती. परंतु त्या काळच्या गोव्यात तिसरी इच्छाही होती, आणि ती म्हणजे स्वतंत्र राज्याची. युनायटेड गोवन्सचे अंतिम उद्दिष्ट तेच होते. तो पर्याय लोकांपुढे ठेवलाच गेला नाही. दोन पानांना मत देणाऱ्यांत केंद्राच्या हाताखाली राहण्यात समाधान मानणारे किती आणि राज्याकडे जाणारी पायरी म्हणून ते मत देणारे किती, हे त्या मतपेटीतून कळत नाही. राज्याचा दर्जा मिळायला ३० मे १९८७ उजाडावे लागले. वीस वर्षे! ज्याच्या हाती प्रश्नाची शब्दरचना असते त्याच्या हाती अर्धे उत्तर असते, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप मतदार कोण याचा. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोमंतकीयांच्या खानावळीवजा ‘कूड’ होत्या. हजारो गोवेकर मुंबईत नोकरी करून घरी पैसे पाठवत होते. गोव्याबाहेरच्या गोवेकरांनाही मताधिकार द्यावा ही मागणी युनायटेड गोवन्सने केली होती, ती फेटाळली गेली. उलट बाजूने पाहिले तर मुक्तीनंतर नोकरीनिमित्त गोव्यात आलेली आणि मतदारयादीत नाव असलेली माणसे मत देऊ शकत होती. मी दोन्हींपैकी एका बाजूने बोलत नाही. परंतु ३४ हजारांचे अंतर म्हणजे सुमारे १७ हजार माणसांनी मन बदलले असते तर निकाल उलटला असता, इतके ते अंतर आहे. इतक्या थोड्या फरकाने घेतलेला निर्णय कायमचा मानावा काय?

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा. आपण प्रतिनिधी निवडतो ते विचार करण्यासाठी, वाटाघाटी करण्यासाठी, मध्यममार्ग काढण्यासाठी. फूल की पाने असे विचारले की मध्यममार्ग संपतो. विधानसभेत चर्चा होऊन, भाषेला संरक्षण, दारूबंदीतून सूट, गोव्यासाठी वेगळे विकास मंडळ अशा अटी घालून काही व्यवस्था निघू शकली असती. ती शक्यता मतपेटीने बंद केली.

मांडवीकाठ:

नोंदवही, दुरुस्ती मान्य. मूळ लेखातील ते वाक्य मी ऐकीव म्हणून लिहिले होते, पण तपासून लिहायला हवे होते.

पूर्वपक्ष, आपला पहिला आक्षेप मला पूर्णपणे पटतो. स्वतंत्र राज्याचा पर्याय नसणे ही त्या कौलाची खरी उणीव होती, आणि तिची किंमत गोव्याने पुढची वीस वर्षे मोजली. दुसऱ्या आक्षेपाबाबत एवढेच म्हणतो की मतदारयादी कोठेतरी थांबवावीच लागते, आणि नेहमीच्या निवडणुकीची यादी वापरली गेली यात निदान कोणाच्या सोयीसाठी नवी रेघ ओढली गेली नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. आपण ज्या विधानसभेवर भिस्त ठेवता, त्या विधानसभेत मध्यममार्ग काढण्याची इच्छा दिसली नाही. तिने बहुमताच्या जोरावर विलीनीकरणाचा ठराव केला. ते बहुमत कसे आले होते? मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीने. विरोधी मते दोन-तीन उमेदवारांत विभागली की निम्म्याहून कमी मतांवर जागा मिळते, आणि अशा जागांची बेरीज करून पुढारी म्हणतो, लोक माझ्याबरोबर आहेत. सरकार चालवण्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे. परंतु एका प्रदेशाची ओळख कायमची बदलायची असेल, तर अशा बेरजेवर विसंबणे धोक्याचे होते. १९६३ च्या निकालाचा जो अर्थ सर्वांनी गृहीत धरला होता तो चुकीचा होता, हे १९६७ च्या जानेवारीत आकड्यांनिशी दिसले. कौल घेतला नसता तर ते कधीच दिसले नसते, आणि १ लाख ७२ हजार माणसांवर त्यांनी न दिलेले उत्तर त्यांचे म्हणून लादले गेले असते.

अंतर थोडे होते हे खरे. तरीही हरलेल्या बाजूने तो निकाल स्वीकारला. बांदोडकरांनी मार्चची निवडणूक लढवली, जिंकली, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्री राहिले. निकाल मानला गेला याचे एक कारण मला असे दिसते की मतदानापूर्वीचे आक्षेप मतदानापूर्वीच निकालात काढले गेले होते. राजीनामा आधी झाला होता, कायदा आधी झाला होता, चिन्हे आधी ठरली होती.

सीमावासी:

मी बेळगाव भागातला आहे आणि हा धागा वाचताना मनात कालवाकालव झाली, ती लपवत नाही.

ज्या महिन्यांत गोव्यात कौलाची तयारी चालली होती, त्याच महिन्यांत आमच्या भागासाठी महाजन आयोग काम करत होता. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये तो नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव म्हैसुरातच राहावे असे त्याने सांगितले. गोव्याला मतपेटी मिळाली, आम्हाला आयोग मिळाला. हे का, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

मतपेटी नसल्यामुळे आमच्याकडे काय झाले ते सांगतो. प्रत्येक निवडणूक हीच आमची मतपेटी झाली. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून आले की आम्ही म्हणायचो, हा पाहा कौल. नगरपालिकेत बहुमत आले की तेच. त्यामुळे पाणी, रस्ते, गटारे, शाळेचे छप्पर या गोष्टींवर मत मागणेही कठीण झाले. कारण जो त्यावर मत मागेल तो सीमाप्रश्न सोडतो आहे असा संशय येई. उमेदवार कसा आहे, काम करील की नाही, हे विचारायचे राहून गेले. समितीत फूट पडली, एकाच मतदारसंघात दोन-दोन उमेदवार उभे राहू लागले. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, २०२३ मध्येही नाही.

आता समोरची बाजू म्हणते, लोकांनीच मागणी सोडून दिली. हे ऐकून मला राग येतो, परंतु मांडवीकाठ यांचा मूळ लेख वाचल्यावर एक गोष्ट कबूल करावी लागते. जिंकलो तेव्हा आम्ही निवडणुकीला कौल म्हटले. मग हरल्यावर दुसऱ्यांनी तसे म्हटले तर कोणत्या तोंडाने नाकारणार? आमच्या गल्लीतील तरुणांनी राष्ट्रीय पक्षांना मते दिली ती नोकरीसाठी, कधी धर्माच्या नावावर, कधी उमेदवार ओळखीचा म्हणून. त्यांना तुम्हाला महाराष्ट्रात जायचे आहे काय असे कोणी सुटे करून विचारले, तर ते काय सांगतील? मला वाटते ते आजही हो म्हणतील. परंतु विचारल्यावाचून मी ते त्यांच्या वतीने सांगू शकत नाही, हेही आता कळते. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि न्यायालयही आम्हाला हा प्रश्न विचारणार नाही.

पूर्वपक्ष:

सीमावासी, आपल्या प्रतिसादाने मला माझी भूमिका पुन्हा तपासावी लागत आहे. प्रतिनिधींनी विचार करावा असे मी म्हणालो होतो. परंतु एकाच प्रश्नावर निवडून आलेल्या प्रतिनिधीला बाकीच्या प्रश्नांवर विचार करण्याची मोकळीकच राहत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. गोव्यात कौल झाल्यामुळे मगोला नंतरच्या वर्षांत शाळा, कुळे आणि रस्ते यांवर लक्ष देता आले, असेही म्हणता येईल. प्रश्न निकालात निघाल्याने पक्ष मोकळा झाला.

पर्यायांविषयीचा आक्षेप मी मागे घेत नाही. तिसरे चिन्ह हवे होते.

थेम्सतीर:

मी इंग्लंडमध्ये राहतो. २३ जून २०१६ रोजी येथे युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी सार्वमत झाले, तेव्हा ७२ टक्के मतदान होऊन जवळजवळ ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला. पूर्वपक्ष यांचा पर्यायांविषयीचा मुद्दा मला तेथे फार जाणवला. ‘राहा’ म्हणजे काय हे सर्वांना माहीत होते. ‘बाहेर पडा’ म्हणजे नेमके काय, व्यापार कोणत्या अटींवर, आयर्लंडच्या सीमेचे काय, हे मतपत्रिकेवर नव्हते. त्यानंतरची साडेतीन वर्षे संसद त्या दोन शब्दांचा अर्थ लावत बसली. अखेरीस डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत एका पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा मिळाल्या आणि तोच अंतिम कौल मानला गेला. गोव्यात मात्र फूल आणि पाने या दोन्हींचा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालाही सांगता आला असता. मला वाटते, निकाल शांतपणे स्वीकारला गेला त्याचे हेही एक कारण आहे.

शब्दवेल्हाळ:

थेम्सतीर यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आणखी एक भर घालतो. कौलानंतर भाषेचा वाद मिटला असे मात्र समजू नये. तो मतपत्रिकेवर नव्हताच, म्हणून तो उरला. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी गोवा पुन्हा दुभंगला, आणि त्या वेळच्या आंदोलनात माणसे दगावली. देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली, आणि १९९२ मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. दोन पानांना मत देणारे जे लोक रोज मराठी पत्र वाचत होते, त्यांना मराठी नको होती असे कोणी म्हटले तर ते चूक ठरेल. माझे वडील शेवटपर्यंत मराठी दैनिक वाचत आणि त्यातील बातमी कोंकणीत सांगत.

सत्तरीकर, एक विचारू का? आपल्या आजोबांना बहिणीच्या मताविषयी कधी कळले होते काय? आमच्याकडे त्या महिन्यांत भावाभावांत बोलणे बंद झाल्याच्या गोष्टी आहेत.

सत्तरीकर:

कळले, पण फार उशिरा. १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले तेव्हा ती आमच्याकडे आली होती. रेडिओवर बातमी आली आणि ती घरच्या माणसासाठी रडावे तशी रडली. तेव्हा आजोबा सहज म्हणाले, त्या वेळी आणखी थोडी मते पडली असती तर भाऊंची इच्छा पुरी झाली असती. ती डोळे पुसत म्हणाली, दादा, आमची दोन मते पानांना होती. वडील तेव्हा तेथेच बसलेले होते, त्यांनी मला हे सांगितले. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, आणि मार्चात? ती म्हणाली, मार्चात सिंह. आजोबांनी मान हलवली आणि यजमानांच्या शेताचे कागद झाले का, एवढेच विचारले. झाले नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीस चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती. आजोबा दरवर्षीप्रमाणे तिच्याकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी यजमानांना घेऊन म्हापशाला कागदांची चौकशी करायला गेले.